दीनबंधू अँड्र्यूज आणि गिरमिटातली माणसे

पुरुषोत्तमनगरच्या माणसाला ऊस काय असतो ते सांगायला नको. साखर कारखान्यामुळेच आपले गाव चार ठिकाणी ओळखले जाते. दिवाळी सरली की गळिताचे दिवस येतात. ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत कोयते चालू लागतात. मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, की पुन्हा फडात उतरायचे. आणि त्याच दिवसांत आपल्याच जिल्ह्यातली, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या बाजूची कितीतरी कुटुंबे गुजरातेत ऊस तोडायला जातात. बरोबर भांडी असतात, अंथरूण असते, लहान पोरे असतात.

पोटासाठी मुलूख सोडावा लागतो, ही गोष्ट काही आजची नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी याच उसापायी आपल्या देशातली लाखो माणसे समुद्रापार गेली. तिथे त्यांचे फार हाल झाले. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत एक गोरा पाद्री होता. जात साहेबाची, धर्म ख्रिस्ती, पण आपल्या मजुरांना तो भावासारखा वाटला. त्यांनी त्याला नाव दिले दीनबंधू. त्या दीनबंधू अँड्र्यूज साहेबांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

गिरमिट म्हणजे काय?

इंग्रजांच्या राज्यात पूर्वी गुलाम ठेवण्याची चाल होती. माणसे विकत घ्यायची आणि त्यांच्याकडून उसाच्या मळ्यात काम करून घ्यायचे. १८३४ साली ही चाल कायद्याने बंद झाली. मग मळेवाल्यांपुढे प्रश्न पडला, आता ऊस कोण लावणार आणि कोण तोडणार? त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. येथे दुष्काळ होते, कर्ज होते, सावकार होता. रिकामे हात पुष्कळ होते.

मग मजुरांशी पाच वर्षांचा करार करू लागले. इंग्रजीत कराराला अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. आपल्या माणसांच्या तोंडी त्या शब्दाचे झाले गिरमिट. ज्याने गिरमिट केले तो गिरमिटिया. मॉरिशस, नाताळ, त्रिनिदाद, गियाना, फिजी अशा दूरदूरच्या ठिकाणी दहा लाखांहून अधिक माणसे गिरमिटावर गेली. नाताळ म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा एक भाग. मॉरिशसला तर मुंबई बंदरातून कोकणातली आणि देशावरची मराठी माणसेही गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात. तेथल्या शाळांत मराठी शिकवतात.

माणसे गोळा करणाऱ्या दलालाला उत्तरेकडे अरकाटी म्हणत. तो बाजारात, जत्रेत, रेल्वे ठेसनावर हिंडायचा. कोणी घरातून रुसून निघालेला, कोणी कामाच्या शोधात असलेला, कोणी निराधार विधवा, अशी माणसे तो हेरायचा. गोड बोलायचा. काम हलके आहे म्हणायचा. किती लांब जायचे ते सांगायचा नाही. मग मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, दोन शब्दांत विचारपूस उरकायची आणि कागदावर अंगठा घ्यायचा.

त्या कागदात मजुरी लिहिलेली होती. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, म्हणजे बारा आणे. बाईला नऊ आणे. ऐकायला बरे वाटे. पण काम अंगावर टाकले किंवा कामात कसूर झाली तर दंड होईल, तुरुंगात जावे लागेल, ही गोष्ट मात्र त्या कागदात नव्हती. आणि असती तरी वाचणार कोण? बहुतेकांना अक्षर येत नव्हते.

फिजी बेटावर

फिजी हा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, भर समुद्रात असलेल्या बेटांचा देश आहे. १४ मे १८७९ रोजी गिरमिटियांचे पहिले जहाज तिथे लागले. त्याचे नाव लिओनिडास. त्यानंतर १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे फिजीला गेली. आगबोटीने जायलासुद्धा सुमारे महिना लागे. एकदा गेले की परतीची वाट सोपी नव्हती. पाच वर्षे गिरमिटाची आणि आणखी पाच वर्षे तिथे काढली, तरच परतीचे भाडे फुकट मिळे.

मजूर ज्या चाळीत राहत तिला लाइन म्हणत. जुन्या लाइनीतली खोली सुमारे दहा फूट लांब आणि सात फूट रुंद. त्या एवढ्याशा खोलीत तीन एकटे पुरुष, नाहीतर नवरा-बायको आणि मुले. चूलही तिथेच, झोपणेही तिथेच. मधे नुसता आडोसा. एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत ऐकू जाई.

कामाचे माप ठरवून देत. एवढी जमीन आज खणायची, एवढा ऊस आज तोडायचा. माप पुरे झाले तर पूर्ण मजुरी. नाही झाले तर कापणी. वर पुन्हा कोर्टात खेचण्याची भीती. गोऱ्या मुकादमाला आपले लोक कुलंबर म्हणत. काही कुलंबर मारझोड करीत. बायकांची अब्रू सुरक्षित नव्हती. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका न्यायच्या, असा सरकारी नियम होता. चाळीसच! मग तिथे संसार कसे टिकावेत? भांडणे होत, खूनही होत. गळफास घेऊन मरणाऱ्यांची संख्या भयंकर होती. लोक त्या लाइनींना नरक म्हणत.

आणखी एक अन्याय होता. आपल्या रीतीने लावलेले लग्न सरकारी वहीत नोंदले नसेल, तर कायदा ते लग्न मानीत नसे. सात फेरे घेतले, निकाह झाला, तरी कागदाच्या लेखी ती दोघे परकी. मग मुलांचा हक्क कुठला आणि वारसा कुठला?

नामदार गोखल्यांनी प्रश्न हाती घेतला

या लोकांचा प्रश्न दिल्ली-कलकत्त्याच्या दरबारात नेला तो एका मराठी माणसाने. त्यांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी १८६६ साली त्यांचा जन्म झाला. गरिबीत शिकले आणि पुण्यात प्राध्यापक झाले. पुढे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसले. बोलण्याआधी आकडे गोळा करायचे, आणि मग शांतपणे बोलायचे, अशी त्यांची रीत.

१९१० साली त्यांनी ठराव मांडला, की नाताळला गिरमिटिये पाठवणे बंद करा. सरकारने तो मान्य केला. १९११ पासून नाताळची भरती थांबली. मग ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पुढचा ठराव मांडला, की गिरमिटाची चालच बंद करा. मंडळातल्या बावीस हिंदी सभासदांनी त्यांच्या बाजूने मते दिली. विरुद्ध मते पडली तेहतीस. ठराव हरला. पण प्रश्न देशभर गाजला.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी नावाचे हिंदी वकील लढत होते. पुढे आपण ज्यांना महात्मा गांधी म्हणू लागलो, तेच हे. गिरमिट संपवून तिथेच राहणाऱ्या माणसावर सरकारने वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला होता. तीन पौंड म्हणजे पंचेचाळीस रुपये. गिरमिटातल्या मजुराची ती चार-सहा महिन्यांची रोख मजुरी. हा कर बाईवरही होता, वयात आलेल्या मुलामुलींवरही होता. १९१३ साली खाणीतले आणि उसाच्या मळ्यातले हजारो मजूर संपावर गेले. शेकडोंना तुरुंगात टाकले. गोखल्यांनी हिंदुस्थानात त्यांच्यासाठी निधी उभा केला. आणि तिथे जाऊन मदत करील असा भरवशाचा माणूस ते शोधू लागले. तो माणूस त्यांना दिल्लीत मिळाला.

दिल्लीचा मास्तर

चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडात न्यूकॅसल या गावी झाला. त्यांचे वडीलही धर्मगुरूच होते. घरात मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा. चार्ल्स हुशार निघाले. केंब्रिजला शिकले. पाद्री झाले. लंडनच्या गरीब वस्तीत त्यांनी काही वर्षे काम केले. दारिद्र्य काय असते ते त्यांनी आपल्या मुलखातच पाहिले होते. म्हणून येथले दारिद्र्य पाहून त्यांनी नाक मुरडले नाही.

१९०४ साली ते दिल्लीला सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले. त्या काळी गोरा माणूस वर आणि हिंदी माणूस खाली, हा सरळ हिशेब होता. अँड्र्यूज यांना तो पटला नाही. कॉलेजच्या मुख्याची जागा रिकामी झाली. ती गोऱ्यालाच मिळणार असे सगळे धरून चालले होते. अँड्र्यूज यांनी आग्रह धरला की सुशीलकुमार रुद्र हे हिंदी गृहस्थ लायक आहेत, ती जागा त्यांनाच द्या. १९०६ साली रुद्र मुख्य झाले आणि अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली आनंदाने शिकवू लागले.

आम्ही स्वतः शाळेत आयुष्य घालवले आहे. हाती येणारी खुर्ची दुसऱ्याला द्यायची, याला किती मोठे मन लागते ते आम्ही जाणतो.

गोखल्यांचा निधी जमू लागला तेव्हा अँड्र्यूज यांनी आपली साठवलेली पुंजी त्यात घातली. आणि गोखल्यांनी विचारताच ते स्वतः आफ्रिकेला निघाले. बरोबर पिअर्सन नावाचे त्यांचे मित्र होते. तेही इंग्रज आणि तेही शिक्षक.

डर्बनच्या धक्क्यावर

जानेवारी १९१४ मध्ये त्यांची बोट डर्बन बंदराला लागली. धक्क्यावर मंडळी न्यायला आली होती. अँड्र्यूज यांनी विचारले, गांधी कोणते? समोर मजुरासारखे कपडे घातलेला एक किरकोळ अंगाचा माणूस उभा होता. अँड्र्यूज खाली वाकले आणि त्यांनी गांधींच्या पायाला हात लावला.

आपल्याकडे थोरांच्या पाया पडणे रोजचे आहे. पण त्या देशात गोरा माणूस काळ्या माणसापुढे वाकतो, ही केवढी मोठी गोष्ट! तिथले गोरे लोक खवळले. अँड्र्यूज यांनी त्याची पर्वा केली नाही. ते गोऱ्या अधिकाऱ्यांकडेही गेले आणि गांधींकडेही बसले. एकाचे म्हणणे दुसऱ्याला नीट समजावून सांगायचे, हे काम त्यांनी केले. त्याच दिवसांत विलायतेत त्यांची आई वारली. तिचे शेवटचे दर्शन त्यांना झाले नाही.

१९१४ च्या मध्यावर दक्षिण आफ्रिकेत नवा कायदा झाला. तीन पौंडांचा कर रद्द झाला. हिंदी रीतीची लग्नेही कायद्याने मानली गेली. हे यश मुख्यतः संपावर गेलेल्या मजुरांचे, तुरुंगात गेलेल्या बायाबापड्यांचे आणि गांधींचे. पण तडजोड घडवून आणण्यात अँड्र्यूज यांचाही हात होता.

फिजीची चौकशी

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. गिरमिटाचा प्रश्न अर्धाच राहिला होता. फिजीत नवी माणसे अजून जात होती. तोताराम सनाढ्य नावाचे एक गिरमिटिये एकवीस वर्षे फिजीत काढून १९१४ साली परत आले होते. त्यांनी आपली हकीकत सांगितली आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी ती हिंदीत लिहून काढली. ते पुस्तक वाचून लोक हळहळले. पण सरकार म्हणे, ही एका माणसाची तक्रार आहे, पुरावा कुठे?

पुरावा आणायला अँड्र्यूज आणि पिअर्सन निघाले. सप्टेंबर १९१५ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. फिजीत ते मळ्यामळ्यांतून हिंडले. लाइनीत शिरले. खोल्या पाहिल्या. मजुरांशी बोलले, मळेवाल्यांशी बोलले, डॉक्टरांशी आणि मॅजिस्ट्रेटांशी बोलले. मजुरी किती, धान्याचा भाव किती, आत्महत्या किती, खटले किती, हे सगळे त्यांनी टिपून घेतले.

१९१६ च्या आरंभी त्यांचा अहवाल छापून निघाला. त्यात शिवीगाळ नव्हती. जे चांगले दिसले ते चांगले म्हटले होते. पण शेवटचे म्हणणे स्पष्ट होते. थोडीफार डागडुजी करून ही चाल सुधारणार नाही, ती मुळातून बंद केली पाहिजे. २० मार्च १९१६ रोजी पंडित मदनमोहन मालवीय यांनी कायदेमंडळात पुन्हा ठराव मांडला. या वेळी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी तत्त्व म्हणून तो मान्य केला.

पण सरकारचे मान्य करणे आणि प्रत्यक्ष बंद होणे यांत अंतर असते. मळेवाल्यांना आणखी मुदत हवी होती. भरती अजून काही वर्षे चालेल असे दिसू लागले. तेव्हा १९१७ च्या आरंभी देशभर सभा झाल्या. बायकांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉयकडे गेले. आमच्या बहिणींची अब्रू राखा, एवढेच त्यांचे मागणे होते. मार्च १९१७ मध्ये भरती थांबली.

आता नवीन माणसे जाणे बंद झाले. पण आधी गेलेल्यांचे काय? त्यांची गिरमिटे चालूच होती. अँड्र्यूज त्याच वर्षी पुन्हा फिजीला गेले. या खेपेस त्यांनी बायकांच्या हालाकडे अधिक लक्ष दिले. ऑस्ट्रेलियात जाऊन त्यांनी ही गोष्ट तिथल्या लोकांना सांगितली, कारण फिजीतल्या साखरेची मोठी कंपनी ऑस्ट्रेलियातलीच होती. तिथल्या स्त्रियांच्या संस्थांनी आपल्या वतीने एक बाई चौकशीला फिजीत पाठवली. चहूकडून दबाव आला. अखेर १ जानेवारी १९२० रोजी फिजीत उरलेली सगळी गिरमिटे रद्द झाली. त्या दिवशी फिजीतला मजूर मोकळा झाला.

दीनबंधू

अँड्र्यूज यांनी संसार केला नाही. पैसा साठवला नाही. रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात त्यांची एक खोली होती, पण ते बहुधा प्रवासातच असत. पूर्व आफ्रिका, ब्रिटिश गियाना, जिथे जिथे परदेशी हिंदी कुटुंबे अडचणीत होती तिथे ते गेले. १९३६ साली ते तिसऱ्यांदा फिजीला जाऊन आले. गांधी त्यांना चार्ली म्हणत आणि ते गांधींना मोहन म्हणत. असे एकेरी नावाने हाक मारणारे गांधींना फार थोडे होते.

त्यांना टोमणेही पुष्कळ खावे लागले. मळेवाले म्हणत, हा आपल्याच लोकांवर उलटला. काही हिंदी लोकांना शंका येई, की हा इंग्रज, हा मनापासून आपला कसा असेल? काही गोष्टी मनाला पटेनात म्हणून १९१४ साली त्यांनी चर्चमधले पाद्रीचे काम सोडले. ते त्यांनी पुष्कळ वर्षांनी पुन्हा हाती घेतले. पण ख्रिस्तावरची भक्ती त्यांनी कधी सोडली नाही. आणि मजुराला मदत करताना, तू माझ्या धर्मात ये, अशी अट घातली नाही. संकटातल्या माणसाची सेवा हीच त्यांची पूजा होती.

५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांना तिथेच पुरले आहे. त्यांच्या नावाचे कॉलेज त्या शहरात आहे. १९७१ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा भारत सरकारने त्यांच्या चित्राचे पोस्टाचे तिकीट काढले.

आपण काय घ्यावे?

भावांनो, बहिणींनो, आजचा ऊसतोड कामगार गिरमिटिया नाही. काम सोडले म्हणून त्याला तुरुंगात टाकता येत नाही. देश स्वतंत्र आहे, कायदा आहे, मताचा हक्क आहे. पण काही खुणा ओळखीच्या वाटतात. मुकादमाची उचल आगाऊ घेतलेली असते. हंगाम संपला तरी ती फिटत नाही. किती टन तोडला ते दुसऱ्याच्या वहीत असते. मुलांची शाळा सुटते. आणि कागदावर अंगठा किंवा सही आधी होते, वाचणे मागे राहते.

म्हणून अँड्र्यूज साहेबांची आठवण ठेवायची तर ती कामातून ठेवू या. त्यांनी काय केले? स्वतः जाऊन पाहिले, विचारले, आकडे मांडले, लिहून ठेवले. हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

उचल घेताना कागद वाचावा. कोरा असेल तर सही करू नये. रक्कम, टनाचा दर, मुकादमाचे नाव या तीन गोष्टी आपल्या वहीत उतरून घ्याव्यात. रोज किती गाडी भरली ते संध्याकाळी लिहावे. उचलीच्या नावाखाली कोणी कुटुंबाला अडकवून ठेवले, कामाला जुंपले, तर ती वेठबिगारी होते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी हा गुन्हा आहे, आणि त्या बंधनाचे कर्जही कायद्याने संपते. तहसीलदार किंवा कलेक्टर कचेरीत तक्रार देता येते. वकिलाला द्यायला पैसे नसले तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा कचेरीत जावे. बायांना आणि आदिवासी बांधवांना तिथे वकील फुकट मिळतो.

गावात आलेल्या टोळीकडेही पाहावे. कोपीतल्या बाईला पाणी भरू द्यावे. तिची पोरे आपल्या शाळेत बसतील का ते गुरुजींना विचारावे. ती माणसे परमुलखातली आहेत. आपलीही माणसे कुठल्या तरी परमुलखात आहेत.

५ एप्रिलच्या सुमाराला गळीत संपत आलेले असते. टोळ्या परततात. मुकादमाकडे हिशेब होतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. शेजारी, भाऊबंद, कोणाला अक्षर येत नसेल तर त्या दिवशी त्याच्याबरोबर जा, त्याचा हिशेब त्याला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मगच त्याला अंगठा उठवू द्या.